शेवटचा पट्टा

ता. ४ जुलै

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

उत्तर नाही म्हणजे एकतर गाय व्यायलीय, नाहीतर तू आळसावलायस. दुसरंच खरं असणार. कुरणातल्या चार पट्ट्यांतल्या गवताची मोजणी कधी पाठवतोस? युरिया चौघांना सारखाच, चुना मात्र पहिल्या तिघांनाच. आंबट मातीत युरिया गवताच्या अंगी लागत नाही, चुना पडला की लागतो, हे दोन वर्षं दिसलंय. यंदाचं तिसरं आणि शेवटचं. कुंपणाजवळचा चौथा पट्टा पिवळाच राहिला तर तुलना होईल आणि आमच्या संशोधन केंद्राचे साहेब प्रयोग मान्य करतील. माझी तीन वर्षं त्याच्यावर अडकलीत, तेवढा जप. आईचं विसरणं कसं आहे?

तुझ्यावर नेहमीसारखीच माया असलेली,
ताई

ता. १९ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मोजणी पाठवता येणार नाही. परवा सकाळी धुकं इतकं होतं की गाईंच्या नुसत्या पाठी तरंगताना दिसत होत्या. आई घरात नव्हती. शोधत गेलो तर ती कुंपणाजवळच्या पट्ट्यात, कोपरापर्यंत पांढरी, पिठाच्या चाळणीने चुन्याची भुकटी पेरत होती. हलक्या हाताने, गुणगुणत. सगळा पट्टा दूध सांडल्यासारखा. मला ओरडायचं होतं, पण तिथली शांतता मोडवेना.

हे काय चाललंय विचारलं, तर म्हणाली की थोरलीला सगळ्यांनी वगळलंय, लांब असली म्हणून काय झालं, तिलाही मिळायला हवं. तिला घरी आणून हात धुतले. चूक माझी, लक्ष ठेवायला हवं होतं.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
धाकटा

ता. २ ऑगस्ट

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

आधी रागाने तुझं पत्र चुरगळलं, मग उलगडून दुपारभर वाचत बसले. समोर मातीच्या नमुन्यांच्या बाटल्या तशाच पडून होत्या.

साहेबांना खरं तेच सांगितलं. प्रयोग बाद झाला. आता नवे पट्टे, पुन्हा तीन वर्षं. या खेपेला दर महिन्याची मोजणी मी स्वतः येऊन करीन, असं लिहून दिलंय. दोन वर्षांत एकदाही आले नाही. कामाचं निमित्त पुरत होतं. त्याची लाज वाटते.

शनिवारी पोचते. एवढंच खरं कळव, मी समोर उभी राहिले तर आई मला ओळखेल ना?

वाट पाहणारी,
ताई