दहापैकी दहा

आण्णा, मी कामाला जाते म्हणजे नेमकं काय करते, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. मी सांगलीच्या कॉलेजात लागायच्या आधीच तुम्ही गेलात. शिकवते म्हटलं असतं तर तुम्हाला कळलं असतं, पण संशोधन करते म्हटल्यावर तुम्ही विचारलं असतं, "कशाचं गं?" आणि उत्तर ऐकून पोट धरून हसला असतात. मुलं कॉलेज शिकता शिकता कुठल्या तरी दुकानात, कारखान्यात, दवाखान्यात काही महिने काम करतात, तेव्हा ती काय शिकतात आणि ते शिकलेलं ओळखायचं कसं, हा आता विद्यापीठात अभ्यासाचा विषय आहे. त्यावर पीएचडी होतात, परिषदा भरतात, लोक एकमेकांची मतं खोडून काढणारे जाडजूड लेख लिहितात. तुमच्या महाबळेश्वरच्या हॉटेलातल्या भटारखान्यात जे रोज चालायचं, त्याच्यावर तुमची मुलगी पगार घेते.

तो भटारखाना मला सारखा आठवतो. मे महिन्याच्या सुट्टीत आई आणि मी माण तालुक्यातल्या उन्हातून एसटीनं वर यायचो. गार हवा आणि तुमचा आवाज, दोन्ही एकदमच अंगावर यायचं. तुम्ही मुख्य आचारी, आणि ते अख्ख्या हॉटेलाला माहीत असावं याची तुम्ही पुरेपूर काळजी घ्यायचात. सीझनला हॉटेल मॅनेजमेंटची शहरी मुलं तुमच्या हाताखाली शिकायला असतात. अंगात पांढरेशुभ्र कोट आणि कांदा चिरताना डोळ्यांतून धारा. त्यांच्या कॉलेजचा कागद येतो, तुम्ही मला शेजारी बसवून "लिही" म्हणता. एकाच्या नावापुढं 'उत्तम' लिहिताना मी थांबते. "आण्णा, ह्यानं काल भात करपवला की." तुम्ही खेकसता, "तू गप लिही. त्यो कागद त्याचा बाप वाचणार हाय. चुलीपुढं मी त्याला लय बोललोय, तेवढं बास झालं." मला ते मुळीच पटलं नव्हतं. दुपारी जेवायला बसताना मात्र तुम्ही हळूच विचारायचात, "आज आमटी कुणी केलीया?" काही ठरावीक नावं आली की तुमचं पोट बिघडायचं आणि तुम्ही दही-भाकरी घेऊन बसायचात. खरा निकाल तुमच्या ताटात लागायचा, आणि तो वाचता यायचा फक्त मला.

आता तुमच्यासारख्या माणसांनी मला किती छळलं ते ऐका. आमची मुलं जिथं कामाला जातात, तिथल्या माणसानं त्यांना गुण द्यायचे असतात. पलूसचे मोटर रिवाइंडिंगवाले असोत नाहीतर वाईचे बेकरीवाले, जो तो दहापैकी दहा. विचारावं तर म्हणणार, "आपलीच पोरं हायती मॅडम, कशाला कुणाचं वाईट करा?" शेवटी विद्यापीठाच्या बैठकीत विषय निघाला, की बाहेरच्या माणसांना विचारणं बंदच करावं आणि कॉलेजातच तोंडी परीक्षा घ्यावी. आण्णा, माझं इतक्या वर्षांचं काम एवढ्या एकाच गोष्टीवर उभं आहे, की ज्याच्या शेजारी उभं राहून मूल शिकलं, त्याला त्या मुलाबद्दल बोलता आलं पाहिजे. तेच गेलं तर पुन्हा आम्ही आमच्याच खोल्यांत बसून पाठांतर ऐकणार. मी हट्टाला पेटले आणि दुसरा काही मार्ग शोधायला एक सत्र मागून घेतलं.

मागितलं खरं, पण करायचं काय ते सुचेना. मग एकदा डबा खाताना तुमचं ते सोयीनं बिघडणारं पोट आठवलं आणि मी स्टाफरूममध्ये एकटीच हसत सुटले. गुणांचा रकाना होता तसाच राहू दिला. भेटायला गेल्यावर, चहा पिता पिता, एवढंच विचारायचं ठरवलं: उद्या तुमच्या घरचं काम निघालं, तर ह्याच्या हातात द्याल का? पलूसचे मोटरवाले तोवर पोराचं तोंडभरून कौतुक करत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "माझ्या हिरीवरची मोटर? न्हाई ओ मॅडम! उसाला पाणी चालू हाय." आणि मग जे बोलायला लागले ते थांबेनात. पोरगा वाइंडिंग झकास भरतो, पण आधीचं जळलं कशानं ते बघतच नाही. हात चालतो, विचारायला लाजतो. अजून एक हंगाम इथं राहिला तर तयार होईल. मी नुसती लिहीत होते. सत्र संपल्यावर हे सगळं बैठकीत मांडलं. एक सर म्हणाले, ह्याला मोजमाप म्हणत नाहीत. मी म्हटलं, नका म्हणू, पण मुलाला कुणीतरी बघितलंय एवढं तरी म्हणाल? बरीच घासाघीस झाली, आणि बाहेरच्या माणसांचा शब्द राहिला. त्या दिवशी मी भडंगाचा मोठा पुडा घेऊन घरी आले आणि दारात येईल त्याला वाटत बसले. मला फार, फार आनंद झाला होता.

इथंच थांबले असते तर तुम्हाला भटारखानाभर मिरवता आलं असतं. पण हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून पुढचंही लिहिते. तुमची नात, तुम्ही न पाहिलेली, लॅब टेक्निशियनचं शिकते. सध्या ती सांगलीतल्या एका लॅबमध्ये कामाला जाते. तिचं कॉलेज वेगळं, पण ह्या सत्रात ती लॅबही आमच्या कामात आली. मी दुसऱ्या कुणाला पाठवायला हवं होतं, तरी मीच गेले. माझं नोकरीतलं आडनाव माहेरचं, त्यामुळं लॅबच्या बाईंना काही कळायचं कारण नव्हतं. चहा आला, मी लेकीबद्दल तोच प्रश्न विचारला. "पोरगी गुणाची आहे ओ," त्या म्हणाल्या, "पेशंटशी गोड बोलते. पण माझ्या आईचं रक्त? इतक्यात नाही घेऊ देणार. नस नीट सापडायच्या आत सुई घालते. घाई फार." आता ही घाई मी ती रांगायला लागल्यापासून बघते आहे. इतकं नेमकं उत्तर मला मागच्या अख्ख्या सत्रात कुणी दिलं नव्हतं. आणि आण्णा, मला त्या बाईंचा असा राग आला म्हणून सांगू! काय बिघडलं असतं, मुकाट्यानं चांगलं बोलल्या असत्या तर?

संध्याकाळी भाजी निवडायला लेक माझ्याजवळ येऊन बसली. "आई, आमच्या लॅबला आलेलीस ना? मॅडम काय म्हणाल्या माझ्याबद्दल?"

"खूश आहेत तुझ्यावर," मी म्हटलं.

ती गाणं गुणगुणत आत गेली. तिला खरं सांगायला हवं, उद्या माणसं रक्त द्यायला तिच्यापुढं हात करून बसणार आहेत, हे मला कळतं. अजून सांगितलेलं नाही.