माझ्या कॉम्प्युटरातला तुमचा कॉम्प्युटर

नाना, तुमचा कॉम्प्युटर कधीच मेला, पण त्याचा छळ काही संपला नाही. पंचवटीतल्या आपल्या छापखान्यातलं ते पिवळं पडलेलं धूड भंगारात गेलं, तेव्हा त्याच्या आतलं सगळं मी नव्या कॉम्प्युटरात उचलून ठेवलं. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. नव्या पडद्यावर एक खिडकी उघडते आणि तिच्यात तुमचा जुना कॉम्प्युटर होता तसा चालू होतो. म्हणजे, व्हायला हवा. हा आठवडाभर तो नुसता माझा जीव खातोय.

दादाच्या मुलीचं लग्न ठरलंय. पत्रिका तुमच्याच अक्षरांत हवी, असा आईचा हट्ट आहे. तुम्ही हातानं काढून त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये भरलेली ती वळणदार अक्षरं दुसऱ्या कशात उघडतच नाहीत. "पहिली पत्रिका वणीला देवीपुढं ठेवायचीय. ती काय बाजारातली ठेवू?" म्हणते. दादा उद्या वणीला निघणार, आणि इकडे मशीन चालू केलं की आधी इशारा येतो. मी ओके दाबते. खिडकी काळीठिक्कर. माऊस तिच्यात अडकतो तो अडकतोच, कुठली तरी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय सुटत नाही. बंद करा, परत चालू करा, परत इशारा, परत ओके. कधी नशिबानं प्रोग्रॅम उघडलाच तर 'लॉक नाही' म्हणून तोंडावर मिटतो. त्यात दादाचा फोन, "झालं का गं?" झालं असतं तर मी अशी केस उपटत बसले असते का?

तुम्ही असता तर आधी माझ्यावरच ओरडला असता. गिऱ्हाईक प्रूफ बघायला आलं की तुम्ही त्याला शब्दाशब्दावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लावता. मुलीचा बाप घाईत असतो, "छापा हो, बरोबरच असंल," म्हणतो, आणि तुम्ही मशीन बंद करून हाताची घडी घालून उभे राहता. एकदा भर गिऱ्हाइकांत मलाही म्हणालात, "न वाचता ओके म्हणणारीनं छापखान्यात पाय ठेवू नये." तेव्हा तुमचा इतका राग आला होता! तो आठवला, आणि वैतागून त्या इशाऱ्यावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. यूएसबीतलं एक उपकरण सापडत नाही, त्याच्याशिवाय पुढे जाऊ का, असं तो बिचारा रोज विचारत होता. म्हणजे ते बोटाएवढं लॉक, जे खोचल्याशिवाय तुमचा प्रोग्रॅम चालायचा नाही.

सगळे ड्रॉवर उपसले. आई पालक निवडत बसली होती. "काय शोधती? ते मशीनचं बारकं व्हय? ते देवघरात हाय. दर खंडेनवमीला पूजते मी. तुझ्या बापाचं हत्यार नाय का ते?" मी कपाळावर हात मारला. हळदीकुंकवाचा थर जुन्या टूथब्रशनं घासला आणि लॉक खोचलं. इशारा आला नाही. तुमची अक्षरं उघडली आणि मला रडूच फुटलं. मला तुमची फार आठवण येते, नाना.

प्रूफ काढलं, आईसमोर बसून बोट ठेवून वाचायला लागले. 'यांची नात' या ओळीतलं तुमचं नाव मी दादाच्या लग्नपत्रिकेतून जसंच्या तसं उचललं होतं. ती तुम्हीच छापली होती, त्यामुळे नावाआधी 'कै.' नाही. तिथे माझं बोट थांबलं. आईचा हातही जुडीवर थांबला. मग एक देठ खुडून म्हणाली, "वाच की पुढं."

पुढचं वाचलं आणि काही न बदलता कोपऱ्यात ओके लिहून सही केली. हे पत्र पाठवायचं तरी कुठे? पण तुम्हाला सांगायला हवं. या वेळी मी नीट वाचलं होतं. चूक दिसली होती.