कवितेची फॅट

ती. स्व. आक्कास,

कोडोलीहून बाळासोचा दंडवत. चंदगडात चार दिवस उघडीप मिळाली का, आणि दाजींच्या गुडघ्यानं जिना चढायचं मनावर घेतलं का? (आमच्याकडं म्हशींसकट सगळे खुशाल.) फोनच करणार होतो, पण तुझी वर्षाराणी कॉलेजसाठी आमच्या घरात राहते आणि हे तिच्या कानावर जाऊन चालणार नाही.

रविवारी कोल्हापुरात तिची कवितांची स्पर्धा होती. पोएट्री स्लॅम म्हणतात. जिंकेल तो पुण्याला जाणार, म्हणून पोरगी महिनाभर गोठ्यात कविता घोकत होती. (दूध घटलं, पण मी बोललो नाही.) या स्पर्धेत परीक्षक प्रेक्षकांतूनच उचलतात, पाच जण, आणि कवितेतलं काही कळत नसेल तर फारच उत्तम. सूत्रसंचालक मला बघून माईकवरनं ओरडला, "पावणं, तुम्ही कवी न्हाय न्हवं? मग या की फुडं!" स्पर्धकाचा नातेवाईक चालत नाही म्हणे. मी मामा असल्याचं गिळलं आणि पाटी-खडू हातात घेतला.

गुण दहापैकी, तेही दशांशात. आता दूध संस्थेत वीस वर्षं फॅट काढणाऱ्या माणसाला दशांश कोण शिकवणार? पहिली कविता चांगली होती, मी साडेसहा दिले. म्हशीच्या दुधाला साडेसहा लागली म्हणजे काय थोडी लागली? पण बाकीचे नऊ, साडेनऊ वाटत सुटले. त्यात सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा काढून टाकायचा नियम, त्यामुळं दर वेळी माझाच आकडा बाद. वीस वर्षांत माझं रीडिंग कुणी खोडलं नव्हतं, आक्का. फार लागलं मनाला. चहाच्या सुट्टीत बाकीच्या चौघांना बाजूला घेऊन समजावलं की सातच्या वर आकडा गेला की मालात भेसळ असते. सज्जन माणसं, त्यांना पटलं.

सुट्टीनंतर पहिलाच नंबर वर्षाराणीचा. घाटात एसटीच्या खिडकीतून ओकणाऱ्या बाईवर कविता होती. काय म्हटली पोरीनं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी दहा दिले. चौघांनी पाच-साडेपाच दिले, आणि माझे दहा नियमाप्रमाणं बाद झाले. पुणं हुकलं.

तुझा धाकटा,
बाळासो

ता. क. आता खरं काम. परीक्षकांत एकट्या मामालाच कविता कळली, असं ती गावभर सांगते आणि रोज सकाळी माझ्या पाया पडते. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तू आई आहेस, तूच तिला हळू सांग. नाहीतर (हे जास्त बरं) सांगूच नको.

ता. ता. क. आई, पाकिटाला डिंक लावून पेटीत टाकायचं काम मामानं माझ्याकडंच दिलं. पुढच्या स्पर्धेसाठी विषय शोधत होते, मिळाला. — वर्षाराणी