छपराखालची बाई

११ मे, जहाजावर
ओतारू बंदर सोडून तीन दिवस झाले. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन अठ्ठावीसला आहे. हिला भीती वाटतेय. मला नाही. मला फक्त झोप लागत नाही.
रोजनिशी आपल्या जपानीच्या सोप्या, बाळबोध अक्षरांत लिहायचं ठरवलंय. अवघड चिनी अक्षरं येत नाहीत म्हणून नव्हे. लवकर उरकतं. शिवाय चष्मा बिघडलाय.
जेवायला बसलं की पदार्थांची यादी हीच वाचते, एक पदार्थ सांगते आणि म्हणते, "दोघांना तेच." बावन्न वर्षं हेच. दुसऱ्याला काय हवं ते विचारायची पद्धतच नाही.

१३ मे
उद्या मात्सुए शहर. किल्ला, होडी, देऊळ, एका दिवसात सगळं. हिला चालवत नाही, मी एकटा जाणार. देवळातून सुरक्षेचा ताईत आणायला सांगितलाय, ऑपरेशनच्या वेळी उशाशी ठेवायला. एवढंच मागितलं.
म्हणाली, "चिठ्ठीवर लिहून देऊ?" म्हटलं, मी काय कुकुलं बाळ आहे? तरी खिशात कोंबलीच. बघणार नाही.
'सुरक्षा'चं पहिलं अक्षर मला तोंडपाठ आहे. दिसतं कसं, तर छपराखाली बसलेली बाई. 'स्वस्त' लिहितानाही तीच लागते. मासळीबाजारात कामाला होतो, तिथं भावाच्या पाट्यांवर चाळीस वर्षं रोज भेटायची.

१४ मे, सकाळी ८.४०
आमची बस 'सारस'. मी 'कासव'मध्ये बसलो होतो. पाट्या फार बारीक.

१०.३०
किल्ला. बूट पिशवीत घालून हातात धरायचे. जिने कसले, शिड्याच! धापा टाकत वर पोचलो, तर झेंडेवाल्या गाईडबाई म्हणतात, "चला, खाली." वरून तळं दिसतं म्हणे, ते बघायचं राहिलं. तक्रार करणार. लेखी.

१२.१५
खंदकातली होडी. पूल आला की होडीचं छप्पर खाली येतं, सगळ्यांनी वाकायचं. नावाडी ओरडला, "आजोबा, ताठा किल्ल्यात ठेवून यायचा होता! डोकं खाली!" सगळे हसले. मी वाकलोच होतो. टोपी वाकली नव्हती. गेली पाण्यात.

१.५०
उशीर झाला म्हणून देवळाला पंचवीसऐवजी दहाच मिनिटं. गाईडबाईंना सांगितलं, किल्ला मला नकोच होता, माझं काम इथं आहे. "मग पळा आजोबा! जहाज थांबत नाही कुणासाठी."

२.१०, बसमध्ये
फत्ते. ताईतांचे पंधरा-वीस खण. तिसऱ्यात छपराखालची बाई बसलेली! शेजारचं अक्षर जरा गर्दीचं होतं. 'सुरक्षा'चंच असणार, दुसरं काय? झटकन उचलला. गुलाबी.
देवळात ताईत विकायच्या खिडकीतली मुलगी मोठी अगत्यशील. "कुणासाठी, आजोबा?"
"बायकोसाठी."
ती माझ्याकडे बघतच राहिली. "तारीख दिलीय का डॉक्टरांनी?"
"अठ्ठावीस. ऑपरेशन आहे."
"अगंबाई! पहिलंच?"
"पहिलंच. या वयात जरा धाकधूक वाटतेच."
तिने खूप खाली वाकून नमस्कार केला. म्हणाली, "दोघंही सुखरूप राहोत." माझाही विचार केला. अशी माणसं कमी झालीत. रांगेतल्या दोन बायकांनीही माझं अभिनंदन केलं.
आता जाऊन ताईत हिच्या हातात ठेवायचा. फार बोलायचं नाही.

१५ मे, सकाळी
काल ही एवढी हसली की गुडघा धरून बसली. "अहो, हा सुखरूप बाळंतपणाचा आहे!"
म्हटलं, खणच चुकीचे लावले होते. वरून चष्मा.
"परत जाता येईल का?" विचारलं मी. पण जहाज सुटलं होतं. हिने एवढंच मागितलं होतं.
हिने डोळे पुसले आणि ताईत पर्सला बांधला. म्हणाली, "असू दे. डॉक्टरांना सांगते, गुडघा बाहेर आला की नाव आमचे हे ठेवतील."
ही झोपल्यावर चिठ्ठी उघडली. वर 'सुरक्षा'ची दोन अक्षरं, पाटीएवढी मोठी. खाली बाळबोध लिपीत: 'पहिलं अक्षर बऱ्याच ताईतांवर असतं. दुसरं जुळवून बघा. नाही जुळलं तर ही चिठ्ठीच पुढे करा. बोलावं लागणार नाही.'
म्हणजे हिला माहीत होतं. किती वर्षांपासून?
आत्ता नाश्त्याला आलोय. यादी समोर आहे. ही म्हणाली, "दोघांना तेच."
चष्मा घडी करून खिशात ठेवला. त्याला काहीच झालेलं नाही.