सहा नंबरचा बेड

मंगळवार. ड्यूटीवरून आल्यावर.

चहा गार झाला. तो सपाट बेड डोक्यातून जात नाही.

सहा नंबरवरचे पवारकाका मार्केटमधले माथाडी. व्हेंटिलेटरवर आहेत, पण न्यूमोनिया उतरत होता. आज दुपारी एकदम ऑक्सिजन घसरला. नाकातल्या नळीने पोटात दिलेलं पातळ अन्न श्वासाच्या नळीतून निघालं. डॉक्टर ओरडले, “बेड सपाट कोणी केला?” व्हेंटिलेटरच्या पेशंटचं डोकं उंचच ठेवायचं, नाहीतर पोटातलं छातीत उतरतं. नव्या सिस्टरना हे मीच शिकवते.

तेव्हा काकी भेटायला आलेल्या. मी त्यांच्याकडे वळले. “काकी, तुम्ही हात लावलात?”

त्या घाबरल्या. “चुकलं बाई माझं. गोण्या उचलून पाठ धरलीया त्यांची, म्हणून जरा हात फिरवला. त्यानं झालं व्हय?”

मी ‘नाही’ म्हणाले नाही. का नाही म्हणाले?

सकाळी अंग पुसायला बेड मीच सपाट केला होता. तेवढ्यात चार नंबरचा अलार्म वाजला, तिकडे धावले. परत वर केला का? नाही केला. तक्त्यात ‘डोकं उंच’पुढे टिक आहे. माझीच. दिवसभराच्या टिका मी सकाळीच एकदम मारून ठेवते. सगळ्याच मारतात. म्हणून काय झालं?

उद्या डॉक्टरांना सांगायचं. आणि काकींना.

संध्याकाळच्या भेटीला त्या बेडपासून चांगल्या हातभर लांब उभ्या होत्या. दोन्ही हात पदरात गुंडाळून.