नोंदीप्रमाणे कु. मोनालीला हिंदी येत नाही

प्रति,
मा. मातृभाषा नोंदणी अधिकारी,
भाषा-सर्वेक्षण कक्ष,
भिलाई (छत्तीसगड)

विषय : इयत्ता पाचवीतील कु. मोनाली अंकुर ढेंगरे हिच्या घरातून मराठी भाषा काढून टाकण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे हिंदीतील तीन अर्ज. २) ते तिन्ही परत पाठवताना आपण मारलेला एकच शेरा.

महोदय,

१. अर्जदार मारोतराव ढेंगरे, राहणार मरोदा, हा पोलाद कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालेला वरिष्ठ लिपिक आणि मोनालीचा आजोबा आहे. त्याने आजवर आपल्याला हिंदीत लिहिले. 'अर्जाची भाषा कुटुंबाच्या नोंदलेल्या भाषेशी जुळत नाही' असा शेरा मारून आपण प्रत्येक अर्ज परत केला. सबब हा चौथा अर्ज मराठीत आहे. आपल्या कक्षात मराठी वाचणारे कोणी नाही, हे आपले बाबू शामसुंदर यांनी खिडकीतूनच सांगितले. त्याला अर्जदाराचा नाइलाज आहे.

२. मूळ चूक अर्जदाराची आहे, हे तो आधीच कबूल करतो. नव्या धोरणाप्रमाणे जुलैत शाळेतून फॉर्म आला : घरी कोणती भाषा बोलता? आमच्या मराठी मंडळात त्याआधीच ठराव झाला होता की सर्वांनी छाती पुढे काढून 'मराठी' लिहायचे. टाळ्या झाल्या, चहा झाला. घरी मुलगा अंकुर म्हणाला, "बाबूजी, हिंदी लिहून टाका ना, कावून झंझट करून राहिले?" अर्जदाराने त्याला झापले, ठळक अक्षरात मराठी लिहिले आणि खाली सही ठोकली. पुढे कळले की टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांनी हिंदी लिहिले होते. ठराव मांडणाऱ्या भाऊरावांनीसुद्धा.

३. त्या एका शब्दावरून आपण मोनालीला मराठी माध्यमात टाकले. मुलगी पहिलीपासून हिंदीत शिकते, हिंदीत पहिली येते आणि मैत्रिणींशी हिंदीतच भांडते. मुलाला त्याच्या भाषेत शिकवा, असे धोरण म्हणते, आणि धोरणाशी अर्जदाराचे भांडण नाही. भांडण आपल्याशी आहे. कारण आपण तिला जी मराठी शाळा नेमून दिली, ती पटसंख्या कमी म्हणून सात वर्षांपूर्वीच बंद झाली आहे. अर्जदार नातीला स्कूटरवर बसवून तिथे जाऊन आला. चौकीदार कवडू याने कुलूप काढून दाखवले. आत मोडकी बाके रचलेली आहेत आणि अंगणात शेजारच्या बाया पापड वाळवतात.

४. मोनाली मरोद्याच्या तिच्या जुन्या हिंदी शाळेतच रोज जाते. रीना मॅडम भल्या बाई, त्या बसू देतात. पण हजेरीपटावर नाव नाही, पुस्तके मिळाली नाहीत, सहामाहीचे पेपर तिने लिहिले ते कोणी तपासले नाहीत. पाचवीच्या परीक्षेची यादी ३१ जानेवारीला बंद होते आणि तीत तिचे नाव नाही. उलट बंद शाळेत गैरहजर राहिल्याबद्दल 'शाळाबाह्य बालिका' म्हणून आपण घरी नोटीस धाडली. अर्जदाराला चष्मा सापडेना, तेव्हा ती मोनालीनेच घडाघडा वाचून दाखवली. नोटीस हिंदीत होती.

अर्जदाराने एकतीस वर्षे हजेरी सांभाळली आहे. एखाद्या कामगाराचे कार्ड सापडले नाही, तर गेटवर कच्ची चिठ्ठी फाडून आम्ही त्याला आत घेत असू. समोर उभा असलेला माणूस आलाच नाही, असे कोणी लिहिले असते तर साहेबांनी त्याला तिथेच सोलून काढले असते. आपल्या कक्षात बहुधा तसा साहेब नसावा.

५. अर्जदाराने तोडगाही सुचवला होता. त्या बंद शाळेची पटसंख्या आता एक आहे. कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळेत विलीन करण्याची आपल्याकडे हौस आहेच, तर ती मरोद्याच्या शाळेत विलीन करावी, मुलगी आपोआप जागेवर येईल. त्यावर उत्तर आले की बंद शाळा विलीन करता येत नाही. मुलगी मात्र तिच्यात दाखल करता येते. हे ज्याला सुचले, त्याला अर्जदार एकदा पाहू इच्छितो.

६. गेल्या महिन्यापासून मोनाली घरी मराठी बोलत नाही. आजीने काही विचारले तरी हिंदीत उत्तर देते. अर्जदाराने रागावून कारण विचारले, तेव्हा म्हणाली, "आबाजी, तुम्ही बी नोका बोलू. पुन्हा कोणी लिहून घेतलं तं?" आपल्या तिन्ही शेऱ्यांनी झाली नाही तेवढी आग त्या दिवशी अर्जदाराच्या जिवाची झाली. आता तोही तिच्याशी हिंदीतच बोलतो.

७. तरी घरच्या भाषेपुढील 'मराठी' खोडून 'हिंदी' लिहावे आणि मुलीचे नाव ३१ तारखेच्या आत परीक्षेच्या यादीत घ्यावे. अर्जदार खोटे लिहून देतो आहे, असे समजू नये. जुलैत ते खोटे होते. आता राहिलेले नाही.

आपल्या नोंदीतला मराठीभाषिक,

(सही)
मारोतराव ढेंगरे
मरोदा, भिलाई
दि. १९ जानेवारी २०२६

सोबत :
१) परत आलेले तीन अर्ज, शेऱ्यांसह.
२) 'शाळाबाह्य बालिका' नोटीस.
३) मोनालीचे न तपासलेले सहामाहीचे पेपर.
४) प्रस्तुत अर्जाचा हिंदी तर्जुमा, कु. मोनालीने स्वतःच्या हाताने केलेला. परिच्छेद ६ तिला दाखवलेला नाही. त्याचा तर्जुमा जोडलेला नाही.