तलावाच्या पाळीवर

कार्तिक, १९५३

प्रिय इसरू,

हे पत्र मनसारामभाऊ तुझ्या हातात देईल. तो बांगड्या विकत जंगलातल्या गावांतून फिरतो, त्याच्यावर कोणाची नजर नाही. तू कुठे आहेस ते त्याला ठाऊक आहे, मला नाही. तू कळवूही नकोस. कोणी विचारलं तर मला खरं बोलता यावं.

आधी चांगलं सांगते. तलाव आपल्याला मिळाला. औंदा लिलाव झालाच नाही. आपल्या ढिवरांची मासेमारी सोसायटी झाली आणि दसऱ्याच्या आधी जाळी पडली. मरळ निघाले, झिंगे तर टोपल्या भरून. तुझे भाऊजी पाण्यात उतरताना लहान पोरासारखे रडत होते. मायला बसायला पोरींनी पाळीवर पोतं अंथरलं होतं. सारं पाहून ती एवढंच म्हणाली, "इसरूले पायजे होतं पाह्याले."

तुला आठवतं का, तू नागपूरहून दिवाळीला आलास तो पेटीत लाल झेंडा घेऊन? बाबा गेल्यावर मायनं मूल गावच्या बाजारात मासे विकून तुला कॉलेजात घातलं. आपल्या ढिवरपुऱ्यातून तिथवर गेलेला तू पहिला. आणि तू हसत हसत सांगितलंस, की गिरणी कामगारांच्या संपात विद्यार्थ्यांचा मोर्चा नेला म्हणून कोठडीत राहून आलो. मायनं ताट बाजूला सारलं. "तुले शिकाले धाडलं का भांडाले?" तू म्हणालास, "एकच हाये, माय. शिकलो म्हणून तं भांडून राह्यलो." त्या दिवशी ती जेवली नाही. पण दुसऱ्या दिवशी झेंड्याला कसर लागू नये म्हणून तिनंच तो उन्हात टाकला, हे तुला माहीत नसेल. तू तेव्हा पोरांना घेऊन बसला होतास.

मालगुजारी गेली, तलावावरचा मालगुजाराचा हक्क संपला, तेव्हा आपल्याला वाटलं, आता तलाव आपला. पण लिलावात तो गेला बाहेरच्या ठेकेदाराकडे, आणि आपण आपल्याच पाण्यात मजूर झालो. तू परीक्षा सोडून आलास. घरोघर बसलास, बायांनाही समजावलंस. मग भर दुपारी सारा ढिवरपुरा जाळी घेऊन तलावात उतरला. ठेकेदाराच्या माणसांनी लाठ्या चालवल्या. त्या रेटारेटीत त्यांचाच एक जण, बिरजू, खोल पाण्यात गेला. त्याला पोहता येत नव्हतं. इसरू, मी पाळीवरून पाहिलं आहे. तू उडी मारलीस ती त्याला काढायला. केस धरून वर आणलंस, पण त्याच्यात जीव उरला नव्हता. त्यांच्या माणसांनी लिहून दिलं, की तूच त्याला धरून बुडवलं. आम्ही साऱ्यांनी खरं सांगितलं, पण आमचं कोणी लिहून घेतलं नाही. खुनाचं वॉरंट निघालं आणि तू जंगलात शिरलास. जाताना मला म्हणालास, बिरजूच्या घरी कोण आहे ते पाहून ये. मी जाऊन आले. बायको आहे, लहान मुलगी आहे. बायकोनं मला हाकललं नाही.

तुझ्यामागे मायला ठाण्यात किती वेळा नेऊन बसवलं त्याची गणती नाही. ती एकच बोलायची, "माहा पोरगा कुठी हाये ते तुमीच सांगा मले, साहेब. मी बी त्याले पाहून राह्यली." असं ताठ बोलायची, आणि बाहेर आली की माझा हात धरून पायरीवरच बसायची.

तलावावरून परतली ती हिवतापानं पडली. औषध दिलं, ताप काही हटला नाही. अंगणात कुत्रं भुंकलं की दाराकडे मान वळवायची. मग एकदा मला जवळ ओढून म्हणाली, "मी गेली तं त्याले सांगजो नोको. तो येईन, अन् हे धरतीन त्याले."

इसरू, माय गेली. मंगळवारी सकाळी. अग्नी भाऊजींनी दिला. तिनं सांगू नको म्हटलं, तरी मी लिहिते आहे. कारण बाजारातून तुझ्या कानावर जाईलच, आणि तू धावत निघशील. मी तुला ओळखते. साध्या कपड्यातले दोन शिपाई समोरच्या ओसरीवर बसून असतात. त्यातल्या एकानं काल मला फार मायेनं विचारलं, "बाई, अस्थी मार्कंड्याले कधी नेता?" वैनगंगेच्या घाटावर मुलगा येणारच, हे त्यांनी धरलं आहे. बाबू, येऊ नकोस. घाटावर नको, तेरवीला नको. अस्थी मी शिरवीन, तुझं नाव घेऊन शिरवीन. फाशीचा दोर गळ्यात घालून घेऊन तू मायचं काही करू शकणार नाहीस. तू असशील तिथे जे पाणी जवळ असेल, त्यात डोक्यावरून अंघोळ कर. रडायचं तेवढं तिथेच रड.

तुझी मोठी बहीण,
रंभाबाई